शत्रू किती तगडा असावा?

मोबाईल आणि कॉम्प्युटरवरील खेळ आज कामगार वस्तीतील घरांतही पोहोचले आहेत. मुले खेळतात, हरली की चिडतात, आणि वडीलधारी मंडळी "बंद कर तो खेळ" म्हणून मोकळी होतात. परंतु त्या खेळाच्या आत काय चालते हे कळले, तर मुलांशी चार शब्द नीट बोलता येतील. म्हणून आज एकच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत : खेळातील शत्रू किती तगडा असावा?

ज्यांना 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात त्या खेळांविषयी आम्ही बोलत आहोत. यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. सुरुवातीला त्या पात्राच्या अंगात बळ नसते, हातात साधी तलवार असते. लढता लढता, शिकता शिकता त्याची 'लेव्हल' वाढते, चांगले हत्यार मिळते. समोरचा शत्रू मात्र माणूस चालवीत नाही, प्रोग्राम चालवितो. कधी वार करायचा, कधी मागे सरायचे, हे त्यात आधीच लिहिलेले असते. त्यालाच शत्रूचा 'एआय' म्हणतात.

दोन्ही बाजूंच्या बळाचा मेळ घालणे हे खेळ बनविणाऱ्यांचे अवघड काम. शत्रू दुबळा असला तर कंटाळा येतो, फार बलवान असला तर मूल खेळ सोडून देते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमाखर्चाचा ताळा बसला पाहिजे.

शंभर मोहरांचा दरोडेखोर

हा ताळा कसा चुकतो याचे गाजलेले उदाहरण म्हणजे २००६ साली अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने काढलेला 'ऑब्लिव्हियन' हा खेळ. यात खेळाडूची लेव्हल वाढली की बहुतेक शत्रूंचीही वाढत असे. हेतू चांगला होता. खेळाडू कुठेही गेला तरी लढत बरोबरीची व्हावी. पण झाले भलतेच. रस्त्यावरचा साधा दरोडेखोर पुढे पुढे अत्यंत मौल्यवान चिलखत घालून उभा राहू लागला, आणि एवढे धन अंगावर मिरवून खेळाडूकडे मागे फक्त १०० मोहरा!

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. एखाद्याने लढाईऐवजी बोलण्याचे, सौदा करण्याचे कौशल्य मुख्य मानून वाढविले, तरी त्याची लेव्हल वाढे व शत्रू बलवान होत. त्याची तलवार मात्र होती तेवढीच राही. या खेळात पात्र झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नसे. तेव्हा काही खेळाडू पात्राला मुद्दाम झोपूच देत नसत. प्रगती टाळण्यातच फायदा, असा उलटा धडा त्यातून मिळाला. कष्ट करून माणूस चार पायऱ्या वर चढतो, आणि जमीनही तेवढीच वर येते. मग चढला कशासाठी?

कंपनीने पुढे सुधारणा केली. २०११ च्या 'स्कायरिम' मध्ये पुष्कळ ठिकाणांना शत्रूच्या बळाची मर्यादा घालून दिली. त्यामुळे कच्च्या खेळाडूने जपून राहावे, आणि तयार होऊन आल्यावर आपण वाढलो हे त्याला जाणवावे, अशी सोय झाली.

कठीण, पण न्यायाचे

खेळ कठीण करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे आकडे फुगविणे. शत्रूचा जीव दुप्पट करा, त्याचा घाव जड करा. शत्रू होता तेवढाच मूर्ख राहतो, फक्त मरायला वेळ लावतो. याला कठीण म्हणण्यापेक्षा कंटाळवाणे म्हणणे बरे.

दुसरा मार्ग शत्रूला शहाणे करण्याचा. बेल्जियममधील लॅरियन कंपनीच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या खेळात कड्याच्या टोकावर बेसावध उभे राहिलात तर शत्रू खाली ढकलून देतो. कठीण पायरी निवडली तर तेथेही शत्रूचा जीव वाढतो, पण त्याबरोबर तो अधिक डावपेचाने लढतो. जपानच्या 'डार्क सोल्स' (२०११) मध्ये तर सोपी पायरीच नाही. तरीही लोक तो आवडीने खेळतात, कारण शत्रू वार करण्यापूर्वी हात उगारतो, पवित्रा घेतो. ती खूण ओळखायला जो शिकला तो वाचतो. दहा वेळा हरलेला खेळाडू अकराव्या वेळी जिंकतो तो शहाणा झाल्यामुळे.

वास्तविक कधीच न चुकणारा शत्रू बनविणे यंत्राला अवघड नाही. अवघड आहे ते झुंज देऊन हरण्याजोगा शत्रू बनविणे. त्याच्यात मुद्दाम उणिवा ठेवाव्या लागतात, म्हणजे शिकणाऱ्याला वाट सापडते.

ताळ्यात पैसा शिरला की

आता आपल्या घराशी येणारी गोष्ट. मोबाईलवरचे कित्येक खेळ फुकट मिळतात. सुरुवातीला शत्रू सोपे असतात, मूल रमते. मग एके ठिकाणी शत्रू अचानक जड होतो आणि पडद्यावर दुकान उघडते : पैसे भरा, बळ घ्या. २०२२ सालच्या 'डायब्लो इमॉर्टल' वर हीच टीका झाली. त्यात बळ वाढविणारी उत्तम रत्ने मिळविण्यासाठी पैसे टाकून नशीब आजमावावे लागते. पैशाच्या अशा सोडतीविरुद्ध कडक नियम असल्याने बेल्जियम व नेदरलँड्समध्ये तो खेळ प्रसिद्धच केला गेला नाही. येथे शत्रू तगडा असतो तो मुलाची बुद्धी कसाला लावण्यासाठी नव्हे, आईबापांचा खिसा कसाला लावण्यासाठी. ज्या घरात महिन्याचा रेशनचा हिशेब काटेकोर करावा लागतो, तेथे शे-दोनशे रुपयेही थोडे नसतात.

म्हणून माता-पित्यांना आमचे सांगणे एवढेच. मुलगा किंवा मुलगी हरून बसली, तर रागावण्यापूर्वी जवळ बसून विचारा : "का हरलास? पुढच्या वेळी काय वेगळे करशील?" त्याला उत्तर देता आले, तर तो खेळ त्याला काही शिकवीत आहे असे समजा, फक्त वेळेची मर्यादा घाला. आणि "पैसे भरल्याशिवाय जिंकताच येत नाही" असे उत्तर आले, तर तो खेळ मोबाईलमधून काढून टाका. का काढला, तेही मुलाला समजावून सांगा. कष्टाला फळ न देणारा डाव ओळखता येणे, हेही शिक्षणच आहे.