पावसाळ्यात रिकाम्या खोल्या आणि तिबोटी खंड्या

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मांडव्याच्या बहुतेक बोटी बंद, रायगड किनाऱ्यावरचे होमस्टे ओस. नेमका याच दिवसांत तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षा लहान, पण रंग असे की पाहणारा हौसेने पैसे मोजतो. मग स्वस्तातली पक्षीसहल काढायची का? काढा, पण आधी वही उघडा.

समजा सहा जण, एक मुक्काम, माणशी 2,000. जमा 12,000. राहणं-जेवण माणशी 900 म्हणजे 5,400, गाडी 3,000, गावातला वाटाड्या 2,000. उरले 1,600. एक जण गळला की 500 राहतात. दोघं गळले तर 600 खिशातून! गाडी आणि वाटाड्याचा खर्च कमी होत नाही ना. म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि ते परत मिळणार नाहीत हे आधीच लिहून द्या. वाटाड्याचे पैसे कापून सहल स्वस्त करू नका. पक्षी त्यालाच दिसतात.

सांगायला गोष्टी भरपूर आहेत. फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. किहीमला सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. जंगल कधी खुलं, फी किती, ते वनखात्याला विचारूनच तारीख लावा.

एक गिऱ्हाईक हमखास म्हणेल, "घरट्याजवळ न्या, फोटो हवाय." खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो, माणसांची गर्दी झाली की पिल्लांना घास आणायला बिचकतो. तिथे सरळ नाही म्हणायचं, पैसे परत मागितले तरी.