कुमाऊँ-गढवालविषयक ग्रंथ

मध्य हिमालयातील कुमाऊँ व गढवाल या प्रदेशांची भूरचना, हवामान व इतिहास यांचे वर्णन करणारे ग्रंथ. हे दोन्ही प्रदेश २००० पासून उत्तराखंड (प्रारंभीचे नाव उत्तरांचल) राज्यात आहेत. स्कंदपुराणाशी जोडल्या जाणाऱ्या ‘केदारखंड’ व ‘मानसखंड’ या माहात्म्यग्रंथांत येथील नद्या, संगम, शिखरे व तीर्थे यांची वर्णने आढळतात. त्यांतून इतिहास काढणे धोक्याचे असले, तरी स्थलनामांच्या अभ्यासास ते उपयुक्त आहेत.

आधुनिक ग्रंथलेखनाचा उगम मात्र महसुलाच्या गरजेत आहे. गुरख्यांनी १७९० मध्ये कुमाऊँ व १८०४ मध्ये गढवाल जिंकले. १८१५ मध्ये त्यांचा पराभव होऊन कुमाऊँ व पूर्व गढवाल ब्रिटिशांकडे गेले. आयुक्त जॉर्ज विल्यम ट्रेल याने १८२३ मध्ये गावांच्या सीमा नोंदवून घेतल्या. विक्रम संवत १८८० वरून ही नोंद ‘अस्सी साला’ म्हणून ओळखली जाते. पुढे जंगले सरकारजमा होऊ लागली, तेव्हा ग्रामस्थांनी आपल्या हक्कांसाठी याच सीमांचा आधार घेतला. ट्रेलचे कुमाऊँचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये १८२८ साली प्रसिद्ध झाले. लोकांविषयी त्यातील काही मते एकांगी आहेत. शेती, व्यापार व सारापद्धती यांची माहिती मात्र मोलाची आहे.

या परंपरेतील सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे एडविन टॉमस ॲट्‌किन्सन याने संपादित केलेले हिमालयीन जिल्ह्यांचे तीन खंड (१८८२, १८८४ व १८८६). भूवर्णन, हवामान, वनस्पती, प्राणी, इतिहास, धर्मसंप्रदाय, जमाबंदी व स्थळांची वर्णानुक्रमी माहिती एवढा त्याचा आवाका आहे. पर्वताची उंची व दिशा यांनुसार पाऊस आणि वनस्पती कशा पालटतात, हे त्यातून स्पष्ट होते. धर्मविषयक विवेचन आज पारखूनच घ्यावे लागते. नंतरच्या जिल्हा गॅझेटियरांनी हे साहित्य संक्षेपाने वापरले; त्यांत नवे थोडेच आहे.

भूरचनेविषयीच्या लेखनाचे महत्त्व गोहना येथील घटनेत विशेष दिसते. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालात डोंगरकडा कोसळून बिरही गंगा अडली व सु. २७५ मी. उंचीचा बांध तयार झाला. पाणी पुढील पावसाळ्यात बांधावरून वाहू लागेल, असे अभियंत्यांनी गणित मांडले. गोहन्यापासून हरद्वारपर्यंत तारायंत्राची सोय करून खालच्या वस्त्या हलविण्यात आल्या. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला आणि श्रीनगर (गढवाल) वाहून गेले. परंतु बांधाखाली परत गेलेल्या एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांखेरीज कोणी दगावले नाही. टॉमस हेन्री हॉलंड या भूवैज्ञानिकाचा या दरडीवरील अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. उरलेले सरोवर जुलै १९७० च्या अलकनंदेच्या महापुरात नष्ट झाले. नदीकाठी रस्ते, वसाहती किंवा जलविद्युत् प्रकल्प योजताना अशा नोंदी किती आवश्यक आहेत, हे २०१३ ची केदारनाथ व २०२१ ची ऋषिगंगा येथील आपत्ती यांवरून कळते. त्या वाचल्या जातात असे मात्र म्हणता येत नाही.

हिमनद्यांबाबतही हेच खरे आहे. रिचर्ड स्ट्रेची याने १८४७ मध्ये पिंडारी हिमनदीचे वर्णन केले व १९०६ मध्ये भूवैज्ञानिकांनी तिचे मापन केले. म्हणूनच तिचे मुख किती मागे सरले, हे नंतरच्या पाहणीत तुलनेने ठरविता आले. आर्नोल्ड हाइम व आउगुस्टो गान्सर यांच्या १९३६ मधील मोहिमेने या भागाच्या खडकरचनेचे ज्ञान पुष्कळ वाढविले.

हिंदीतील लेखनाने सरकारी ग्रंथांत दुय्यम राहिलेला स्थानिक समाज पुढे आणला. हरिकृष्ण रतूडी यांचा गढवालचा इतिहास (१९२८), बद्रीदत्त पांडे यांचा ‘कुमाऊँ का इतिहास’ (१९३७) आणि राहुल सांकृत्यायन यांचे दोन्ही प्रदेशांवरील ग्रंथ यांत प्रमुख होत. पांडे स्वतः १९२१ च्या वेठविरोधी चळवळीचे पुढारी होते. त्यांचा इतिहास त्यामुळे तटस्थ नाही, पण राबविल्या गेलेल्या माणसाची बाजू तो जाणतो. रामचंद्र गुहा यांच्या ‘द अन्‌क्वाएट वुड्स’ (१९८९) या ग्रंथाने वनहक्कांचे हे झगडे १९७३ मध्ये सुरू झालेल्या चिपको आंदोलनाशी जोडून दाखविले. शेखर पाठक यांचा ‘हरी भरी उम्मीद’ (२०१९) हा हिंदी ग्रंथ त्याच आंदोलनाचा विस्तृत इतिहास आहे.