भरताचे वांगे भाजायचे का?

विद्यार्थी मित्रहो, भरताचे वांगे पाण्यात उकडले तर मऊ होते, पण खमंग लागत नाही. असे का व्हावे?

पाणी उकळू लागले की त्याचे तापमान वाढत नाही. पुढची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. पुण्यातील कर्वेनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. खमंगपणा देणारी, शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले.

वांग्यात सुमारे ९२ टक्के पाणी असते. विस्तवावर साल लवकर कोरडी पडते, तिचे तापमान शंभराच्या बरेच वर जाते आणि ती करपते. आतील गर ओला असल्याने उत्कलनबिंदूच्या आसपासच राहतो व वाफेवर शिजतो. खमंगपणा येतो तो सालीलगतच्या थरातून.

पाण्याची वाफ झाली की घनफळ सुमारे १६०० पट होते. तिला वाट मिळाली नाही तर वांगे फुटून कढत गर अंगावर उडू शकतो. म्हणून भाजण्यापूर्वी वांग्याला सुरीने टोचे मारावेत.

दही मात्र भरीत निवल्यावरच घालावे. उष्णतेने दह्यातील प्रथिनांची जाळी आकसते व पाणी सुटते.

वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली वांगे भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर तोलून पाहा. वजनात किती घट झाली? ती मुख्यतः कशाची, हे आता तुम्हीच सांगाल!