खोक्यातले इंजिन आणि ब्लॉकचे माप

जुन्या मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जुळवण्यासाठी लागणारे साहित्य एकाच खोक्यात बांधून विकण्याची रीत अमेरिकेतील मोटारदुरुस्तीच्या धंद्यात चांगली रुळलेली आहे. या खोक्याला तिकडे ‘रीबिल्ड किट’ म्हणतात. पिस्टन, रिंगा, क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड यांची बेअरिंगे, गॅस्केटचा पूर्ण संच, ऑइल पंप आणि टायमिंगची साखळी एवढे त्यात बहुधा असते. कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांची भर पडली की त्याच खोक्याला ‘मास्टर किट’ असे भारदस्त नाव मिळते. साध्या दुरुस्तीत त्याच्या सोयीबद्दल कोणी वाद घालत नाही. वाद आहे तो हॉट रॉडच्या, म्हणजे जुनी गाडी घेऊन तिचे वजन उतरवून आणि इंजिनाची ताकद वाढवून वेगासाठी नव्याने घडवलेल्या मोटारीच्या बाबतीत, कारण तिथे इंजिनाला मूळ स्थितीच्या पुढे न्यायचे असते आणि किट मात्र मूळ स्थिती गृहीत धरूनच बांधलेले असते.

हॉट रॉडची परंपरा दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वाढली. तिथल्या वेगचाचण्या घेणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली आणि ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ मध्ये निघाला. या मंडळींचे लाडके इंजिन म्हणजे फोर्डचे फ्लॅटहेड व्ही-८. १९३२ मध्ये २२१ घनइंच क्षमता आणि ६५ अश्वशक्ती घेऊन बाजारात आलेल्या या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बगलेला असतात, त्यामुळे हेड जवळजवळ सपाट झाकणासारखे होते. त्या काळी सुटे भाग जमवणे हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. भंगारातून क्रँक, व्हिक एडलब्रॉक यांच्याकडून मॅनिफोल्ड आणि एड इस्केंडेरियन यांच्याकडून कॅमशाफ्ट असेच इंजिन उभे राहत असे. १९४९ ते १९५३ च्या फोर्डमध्ये पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली होण्याचे अंतर, ३.७५ इंच होते, तर त्याच वर्षांच्या मर्क्युरीत ते ४ इंच होते आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हींत एकच होता. मर्क्युरीचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसवला आणि त्याला साजेसे पिस्टन घातले की २३९ घनइंचांचे २५५ होत, आणि बोअर ३.३१२५ इंचांपर्यंत वाढवला की २७६.

आज फ्लॅटहेडसाठीही किट मिळते, परंतु ते आधी मागवणे म्हणजे बहुधा पैसे अडकवून ठेवणे होय. या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या पोकळ्यांना खेटून बाहेर जातो. त्या उष्णतेमुळे व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडे जाणे हे त्याचे जुनेच दुखणे आहे. ब्लॉक रसायनात उकळून साफ करून, चुंबकीय भुकटीने तडे तपासल्याशिवाय तो वापरण्याजोगा आहे की नाही हेच कळत नाही, मग पिस्टनचे माप ठरणार कुठून?

किटची बाजू सर्वांत बळकट होते ती शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनात. १९५५ मध्ये २६५ घनइंचांपासून सुरू झालेल्या या घराण्याचे, वेगवेगळ्या पिढ्या धरून, दहा कोटीवे इंजिन २०११ मध्ये तयार झाले. त्यातील १९६७ मध्ये आलेले ३५० घनइंची रूप हॉट रॉडवाल्यांच्या हाती सर्वाधिक आले. इतक्या मोठ्या संख्येमुळे किट स्वस्त पडते. तरीही निव्वळ नावावरून मागणी नोंदवणे धोक्याचे ठरते. ब्लॉकच्या मागच्या कडेवर ओतीव अक्षरांत उठवलेला ३९७००१० हा प्रसिद्ध क्रमांक ३५० चा समजला जातो, पण १९६९ च्या ३०२ आणि ३२७ घनइंची इंजिनांवरही तोच सापडतो, कारण तिघांचा बोअर ४ इंचच आहे आणि फरक फक्त स्ट्रोकचा आहे. शिवाय १९८६ मध्ये क्रँकच्या मागच्या टोकाचे तेल अडवणारे सील दोन तुकड्यांचे होते ते अखंड झाले, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या इंजिनांचे गॅस्केट-संच एकमेकांना चालत नाहीत.

किटची खरी परीक्षा पिस्टनमध्ये होते. ३५० मध्ये क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंत, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंत, ९.०२५ इंच अंतर असते. अर्धा स्ट्रोक १.७४, रॉड ५.७० आणि पिस्टनची ‘कॉम्प्रेशन हाइट’, म्हणजे पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर, १.५६ इंच अशी बेरीज ९.०० येते, तेव्हा पिस्टन वर येऊनही डेकच्या खाली २५ हजारांश इंच राहतो. पुनर्बांधणीत डेक घासून सपाट केले जाते, म्हणून स्वस्त किटांतील अनेक पिस्टन मुद्दाम २० हजारांश इंचांनी बुटके बनवलेले असतात. हा हिशेब कारखान्याच्या सोयीचा आहे. ज्याचे डेक घासलेच नाही त्याच्या ब्लॉकमध्ये मात्र पिस्टन ४५ हजारांश इंच खाली राहतो आणि दबलेल्या गॅस्केटची ४० हजारांश इंच जाडी धरली की पिस्टन व हेड यांतील फट ८५ पर्यंत जाते. ही फट ४० च्या आसपास असली की हवा-पेट्रोलचे मिश्रण जोराने ढवळले जाऊन नीट जळते. दुप्पट झाली की तो लाभ हातचा जातो, शिवाय पिस्टनच्या त्या २० हजारांश इंचांच्या बुटकेपणामुळे प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ४ घनसेंटिमीटर जागा वाढते आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण ०.४ च्या आसपास घटते. हे सर्व खोक्यावरच्या ‘३५० साठी’ या शब्दांत दिसत नाही. म्हणून पिस्टन सुटे आणि मापे वाचून घ्यावेत, गॅस्केट, बेअरिंगे व ऑइल पंप हवे तर खोक्यातून घ्यावेत, असा मध्यममार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो.

याला एक सणसणीत अपवाद आहे. १९७० मध्ये शेव्हरोलेने ४०० घनइंची इंजिन काढले, त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच होता. त्याचा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये बसत नसे, कारण त्याच्या मुख्य बेअरिंगांच्या जागांचा व्यास २.६५ इंच, तर ३५० चा २.४५, पण त्या घासून बारीक केल्या आणि बोअर ३० हजारांश इंचांनी वाढवला की ३८३ घनइंच मिळतात, हे हॉट रॉडवाल्यांनी भंगारातून जमवत सिद्ध केले. आज तोच उद्योग ‘स्ट्रोकर किट’ म्हणून मिळतो आणि इथे खोकेच श्रेष्ठ ठरते. क्रँक, रॉड व पिस्टन यांची वजने परस्परांशी तोललेली असावी लागतात, नाहीतर वेग वाढला की इंजिन थरथरू लागते. तिघे तीन दुकानांतून आणले तर तोलाचा खर्च वेगळा आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

कॅमशाफ्टचे मात्र खोक्याशी पटत नाही. व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडावेत हे कॅम ठरवतो, म्हणजे गाडीचा स्वभावच तो ठरवतो. गिअरबॉक्स, मागच्या अॅक्सलचे प्रमाण आणि गाडीचे वजन न विचारता मास्टर किटमध्ये घातलेला कॅम बहुधा सौम्य, मालवाहू गाडीला शोभेल असा असतो. सपाट तळाच्या टॅपेटचा कॅम असेल तर नवे टॅपेट त्याच्यासोबतच बसवावे लागतात, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू होताच ते वीसेक मिनिटे दर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, जस्त-फॉस्फरसयुक्त तेलावर चालवावे लागते, नाहीतर कॅमची टोके पहिल्याच दिवशी घासली जातात.

कामाचा क्रम यावरून ठरतो. आधी ब्लॉक साफ करून, तडे तपासून, बोअर आणि क्रँक मोजून घ्यावेत. ३० हजारांश इंचांत सिलिंडर साफ होत नसेल आणि ४० लागत असतील, तर ३० चे किट मागवणाऱ्याच्या नशिबी परतीचे भाडे येते. त्यानंतर पिस्टन मागवावेत, आणि ते हातात येईपर्यंत शेवटचे होनिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीची बारीक घासाई, करू नये, कारण प्रत्येक पिस्टनला भिंतीपासून किती फट हवी हे त्याच्या धातूनुसार बनवणारा सांगतो. ठोकून घडवलेल्या पिस्टनला ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फट लागते, आणि बोअरचे अखेरचे माप त्या प्रत्यक्ष पिस्टनवरच घेतले जाते.