स्नायूंचा जमाखर्च

व्यायामशाळेतून घामाघूम होऊन बाहेर पडणाऱ्या मनुष्यास आपले काम संपले असे वाटते. परंतु वस्तुतः त्याच्या स्नायूंचे खरे काम त्या घटकेस सुरू होते, ही गोष्ट ज्यांनी प्रत्यक्ष मोजमापाने दाखवून दिली, त्यांत कॅनडातील संशोधक स्टुअर्ट फिलिप्स यांचे नाव आदराने घ्यावे लागते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पुरुष व चार स्त्रियांकडून पायांचा जड व्यायाम करवून घेतला, आणि खूण केलेली अमिनो आम्ले शिरेतून सोडून स्नायूंतील प्रथिनांच्या घडणीचा व मोडीचा हिशेब मांडला. विश्रांतीच्या तुलनेत प्रथिननिर्मितीचा वेग तीन तासांनी 112 टक्क्यांनी, चोवीस तासांनी 65 टक्क्यांनी, आणि अठ्ठेचाळीस तासांनीही 34 टक्क्यांनी अधिक होता. मात्र मोडही वाढली होती आणि मंडळी उपाशीपोटी होती. म्हणून हा जमाखर्च सुधारला तरी तुटीतच राहिला. व्यायामानंतरच्या आहाराचे महत्त्व मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही आकड्यांनी पटवले नाही.

पुढे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी हाच व्यासंग चालविला. 2012 मधील एका प्रयोगात, कमाल शक्तीच्या केवळ 30 टक्के वजनही स्नायू थकून जाईपर्यंत उचलल्यास दहा आठवड्यांत स्नायू 80 टक्के वजनाइतकेच वाढतात, असे दिसले. कमाल ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढली. गुडघे कुरकुरणाऱ्या वृद्धांसाठी ही केवढी आश्वासक वार्ता!