कानाचे यंत्र घेताना

"आई हल्ली लक्षच देत नाही," ही तक्रार आपल्या बऱ्याच घरांत असते. पुष्कळदा दोष लक्षाचा नसून कानाचा असतो. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. स्वर कानी पडतात, पण स, श, फ, ट अशी व्यंजने निसटतात. मग 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' सारखेच वाटतात. अशा वेळी नुसते मोठ्याने बोलून उपयोग होत नाही.

पहिली पायरी तपासणीची. ऑडिओलॉजिस्ट २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवून प्रत्येक कानाचा आलेख काढतात. इथे भाषेची अडचण फारशी येत नाही. पुढची शब्द ओळखण्याची चाचणी मात्र अमेरिकेत सहसा इंग्रजी शब्दांवर होते. फक्त मराठी बोलणाऱ्या आजींना ते शब्दच अनोळखी असतात. गुण कमी पडतात आणि दोष कानाच्या माथी येतो. म्हणून घरातल्या कोणीतरी सोबत जावे आणि ही गोष्ट आधीच सांगावी.

यंत्र निवडताना "दिसू नये" एवढेच पाहू नका. कानात लपणाऱ्या छोट्या यंत्राची बॅटरीही छोटी असते. बोटे आखडत असतील किंवा नजर कमी असेल तर कानामागे बसणारे, चार्ज करता येणारे यंत्र सोयीचे पडते. दोन्ही कान अधू असतील तर सहसा दोन यंत्रे लागतात.

खरे काम यानंतरचे. कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज पडद्याजवळ किती पोहोचतो, हे मोजता येते. याला 'रिअल इअर मेझरमेंट' म्हणतात. ते करणार का, हे अवश्य विचारा. सुरुवातीला स्वतःचा आवाज घुमतो, भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो. रोज थोडे तास वापरून वेळ वाढवावा. काय खटकते ते लिहून ठेवावे आणि यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे. न जुळवलेले यंत्र शेवटी कपाटातच जाते.

आता खर्च. मूळ मेडिकेअर यंत्राचे आणि ते बसवण्याचे पैसे देत नाही. काही मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना थोडाफार भार उचलतात. एफएसए किंवा एचएसए खात्यातले पैसे वापरता येतात. ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी चिठ्ठीशिवाय दुकानातून यंत्र घेता येते. मुलांसाठी किंवा तीव्र बहिरेपणासाठी ते नाही. परत करण्याची मुदत, कापली जाणारी रक्कम आणि नंतरच्या भेटींचे पैसे, हे सारे लेखी घ्या.

अचानक ऐकू येईनासे झाले, एकाच कानाला कमी ऐकू आले, कान वाहू लागला किंवा चक्कर आली, तर यंत्राचा विचार नंतर. आधी डॉक्टर गाठा. अचानक आलेल्या बहिरेपणात तर एक दिवसही थांबू नका.