सावलीतला जांभळा पाहुणा

नर्सरीत मिळणारा आफ्रिकन व्हायोलेट मूळचा टांझानियातल्या उसांबरा डोंगरांतला. दाट झाडीखाली, ओलसर खडकांच्या कपारीत तो वाढतो. १८९२च्या सुमारास वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने तो जर्मनीत वडिलांकडे धाडला. १८९३ साली त्याला सेंटपॉलिया हे नाव मिळालं. आता तो स्ट्रेप्टोकार्पस प्रजातीत मोडतो.

फूल जवळून पाहा: पाच जांभळ्या पाकळ्या, मधोमध पिवळेधमक परागकोश. मध मात्र थेंबभरही नाही, मधमाशी येते ती परागासाठीच! पानं मांसल, मखमली लवेची. देठासकट एक पान मातीत खोचलं तरी नवी रोपं फुटतात. जंगलतोडीमुळे मूळ घरी मात्र त्याचे हाल आहेत. आपल्या घरी मात्र आपण त्याला जपू शकतो: गार पाण्याने पानांवर डाग पडतात, म्हणून कोमट पाणी बुडाशीच घाला.